आधी शब्द, मग दणका: तीस हजारांत घरचं होम थिएटर सुधारताना

गोव्यात आमच्या फोंड्याच्या घरात नऊ वर्षं एक होम थिएटर संच होता. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) ऑफरमध्ये घेतलेला, पाच इवलेसे स्पीकर आणि एक वूफर, खोक्यावर ठळक अक्षरांत हजार वॉट. आई रात्री मालिका बघायला बसली की रिमोट हातातून खाली ठेवायची नाही. बोलणं सुरू झालं की आवाज वाढव, संगीत आलं की घाईघाईने कमी कर. "बोलतात काय ते कळत नाही, आणि वाजवतात मात्र घर हलेपर्यंत," हे तिचं रोजचं. मी आधी दोष तिच्या कानांना दिला, मग मालिकेला. शेवटी एका रविवारी तिच्याच खुर्चीत जाऊन बसलो आणि माझं तोंड बंद झालं. मलाही अर्धे शब्द कळत नव्हते. ज्यातून सगळे संवाद येतात तो मधला सेंटर स्पीकर टीव्हीच्या कपाटात पार मागे सरकला होता, आणि त्याच्यापुढे आरत्यांची पुस्तकं रचून ठेवली होती.

पुस्तकं मीच ठेवली होती.

तेव्हापासून मी एकच क्रम मानतो: आधी शब्द स्पष्ट, मग बाकी सगळं. जत्रेच्या नाटकात शेवटच्या खुर्चीतल्या माणसाला शब्द कळला नाही तर तो उठून खाज्यांच्या दुकानाकडे जातो. घरात उठून जाता येत नाही, म्हणून आपण आवाज वाढवतो. खाली जे लिहिलं आहे ते ज्याच्याकडे जुना संच आहे, हातात पंचवीस-तीस हजार आहेत आणि सगळं एकदम बदलण्याची घाई नाही, अशा माणसासाठी.

पैसे न खर्चता करायचं काम

बाजारात जाण्याआधी एक पूर्ण संध्याकाळ टीव्हीच्या सेटिंगसाठी द्या. आवाजाच्या मेनूत 'डिजिटल आउटपुट' असा पर्याय असतो. तो 'पीसीएम'वर असेल तर एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतून संचाकडे पाठवायची सोय) किंवा ऑप्टिकल (प्रकाशाने आवाज नेणाऱ्या) वायरीतून फक्त दोन चॅनेलचा, म्हणजे डाव्या-उजव्याचाच, आवाज बाहेर येतो, तुमचे पाच स्पीकर असोत की सात. तो 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू'वर न्या. जुना संच त्यानंतर मुका झाला तर 'डॉल्बी डिजिटल' निवडा; बऱ्याच जुन्या पेट्यांना नवे फॉरमॅट उलगडता येत नाहीत, हा येतो. सेट-टॉप बॉक्समध्ये असाच वेगळा मेनू असतो, तोही बघा. एचडीएमआय वायर टीव्हीच्या ज्या पोर्टवर 'एआरसी' लिहिलं आहे त्यातच हवी. शेजारच्या पोर्टात खुपसून 'आवाज येत नाही' म्हणणारे मी चार तरी पाहिले आहेत. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करा, नाहीतर एकच वाक्य दोनदा, किंचित मागेपुढे ऐकू येतं आणि शब्द धूसर होतात.

'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' नावाची सोय बहुतेक संचांत असते आणि कोणी वापरत नाही. ती मोठा आवाज दाबते, लहान उचलते. सिनेमाप्रेमी तिला नाकं मुरडतात. पण जून ते सप्टेंबर आमच्या पत्र्यांवर पाऊस कोसळत असतो तेव्हा हळू बोललेलं वाक्य वाचवायला दुसरं काही नाही. पावसाशी आवाजाने भांडू नका, हरता.

मग स्पीकर हलवा. सेंटर कपाटाच्या कडेला पुढे ओढा, त्याचं तोंड फळीच्या कडेशी जुळलं पाहिजे. मागे राहिला तर फळीवर आदळून आवाज कोंदट होतो. तो टीव्हीखाली असेल तर पुढच्या बाजूला दरवाज्याला लावतात तसली रबरी पाचर घालून तोंड वर, बसलेल्या माणसाच्या कानांकडे करा. डावा आणि उजवा स्पीकर मधल्या रेषेपासून प्रत्येकी २२ ते ३० अंशांत असावा. अंश मोजत बसू नका: तुम्ही आणि दोन स्पीकर यांचा साधारण समभुज त्रिकोण झाला की पुरे. ट्वीटर, म्हणजे ती छोटी घुमटाकार वाटी, कानाच्या उंचीला. भिंतीला वर, छताजवळ ठोकलेले पुढचे स्पीकर खाली आणा. देवाच्या फोटोसारखे वर टांगलेले स्पीकर गोव्यात घरोघरी दिसतात. त्यांच्याकडून संवादाची अपेक्षा ठेवणं चूक.

खोली आधी ऐका

आमचा हॉल चौदा बाय अकरा फूट. चिऱ्यांच्या भिंती, त्यावर गिलावा, खाली गुळगुळीत लाद्या, एका बाजूला काचेची मोठी खिडकी. मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर मागून टण्ण असा शेपटीसारखा आवाज यायचा. प्रत्येक शब्दालाही तीच शेपटी लागते. माणसाच्या आवाजाचा मूळ सूर खाली, साधारण १०० ते २५० हर्ट्झच्या आसपास असतो, पण 'स', 'त', 'क', 'फ' ही व्यंजनं वर, दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आणि त्याच्याही वर ओळखू येतात. कडक भिंती नेमका हाच भाग परतवतात आणि एक अक्षर पुढच्या अक्षरावर सांडतं.

जाड गालिचा हा पुस्तकी सल्ला. आपल्याकडे दोन पावसाळ्यांत त्याला बुरशी आणि कुबट वास येतो. मी सुती सतरंजी दुहेरी घडी करून टीव्ही आणि सोफा यांच्या मधल्या लाद्यांवर घातली. ती धुता येते, उन्हात टाकता येते. खिडकीला जाड कापडाचा पडदा, आणि शिवताना खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड, म्हणजे चुण्या पडतील. चुण्यांशिवाय ताठ पडद्याचा उपयोग कमी. बाजूच्या भिंतीवर नेमकं कुठे काही लावायचं ते आरशाने कळतं: तुम्ही खुर्चीत बसा, घरातल्या कोणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथून आवाज उसळून तुमच्याकडे येतो. तिथे पुस्तकांची मांडणी, जाड गोधडी, काहीही मऊ किंवा उंचसखल. अंड्यांचे ट्रे मात्र नकोत. त्यांनी काही होत नाही, फक्त झुरळं वाढतात.

एवढं झाल्यावर आठवडाभर थांबा. आईचं रिमोट दाबणं निम्म्यावर आलं होतं, आणि खर्च झाला होता सोळाशे रुपये.

पैसे कुठे घालायचे

नोव्हेंबरात इफ्फीला (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) पणजीत दोन-चार सिनेमे बघून आलं की घरचा संच जास्तच खुपतो. त्या आठवड्यात खरेदीला जाऊ नका, हा माझा अनुभवाचा सल्ला.

माझं ठाम मत असं की बजेट कमी असेल तर मागचे स्पीकर विसरा. डावा, मधला, उजवा आणि एक सबवूफर (खालचे सूर, म्हणजे बास, वाजवणारा स्पीकर), म्हणजे ३.१. पाच स्वस्त स्पीकरांपेक्षा तीन बरे स्पीकर कधीही चांगले, कारण पडद्यावरचं जवळजवळ सगळं पुढून येतं. रीसिव्हरच्या (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटणाऱ्या मुख्य पेटीच्या) मेनूत मागचे स्पीकर 'नाहीत' असं सांगितलं की त्यांच्या वाट्याचा आवाज तो पुढच्यांत वळवतो, हरवत नाही. पुढच्या वर्षी पैसे आले की मागचे जोडा.

जुन्या पेटीचे स्पीकर नव्या रीसिव्हरला जोडायचा मोह होतो. इथे फसगत आहे. या तयार संचांतले स्पीकर अनेकदा ३ किंवा ४ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) असतात, तर रीसिव्हर साधारण ६ ते ८ ओहमसाठी बनवलेला असतो. ओहम कमी म्हणजे करंट जास्त. मशीन तापतं, मधेच बंद पडतं, किंवा कायमचं जातं. त्यांचा वूफरही बहुधा स्वतःचा अँप्लिफायर नसलेला असतो, तो रीसिव्हरच्या 'सब आउट'ला लावून वाजत नाही. स्पीकरच्या मागे आकडा लिहिलेला असतो, वाचा.

वॉटचंही तेच. 'पीएमपीओ' हा क्षणभराचा फुगवलेला आकडा विसरायचा, सतत मिळणाऱ्या ताकदीचा 'आरएमएस' बघायचा, आणि त्यावरही विश्वास नसेल तर यंत्राच्या पाठीवरची वीज किती खाते ती पट्टी बघायची. ऐंशी वॉट वीज घेणारी पेटी सतत हजार वॉट आवाज कुठून काढणार? शिवाय तेवढे लागतातच कुठे. स्पीकरची संवेदनक्षमता ८६ डेसिबल असेल, तर एका वॉटवर एक मीटर अंतरावर तो ८६ डेसिबल देतो. घरातल्या मालिकेसाठी हे भरपूर झालं. वॉट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. दुप्पट मोठा वाटेल असा आवाज हवा तर दहापट वॉट लागतात. म्हणून शंभर वॉटवरून सव्वाशे वॉटच्या मॉडेलसाठी चार हजार जास्त देणं म्हणजे पैसे मांडवी नदीत सोडणं.

नवा ई-एआरसीवाला (एआरसीची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती असलेला) रीसिव्हर हवाच, असं दुकानात सांगतील. ब्लू-रे डिस्कवरचा पूर्ण, काहीच न गाळलेला आवाज टीव्हीमार्फत पाठवायचा असेल तरच त्याची गरज. ओटीटीवर जे ५.१ किंवा अॅटमॉस (वरूनही आवाज आल्यासारखा वाटणारा डॉल्बीचा फॉरमॅट) येतं ते साध्या एआरसीतूनही जातं, आणि डॉल्बी डिजिटलचं साधं ५.१ तर ऑप्टिकल वायरीतूनही. आपल्याला एआरसी असलेला दहा वर्षं जुना रीसिव्हर चालतो, आणि जुन्या रीसिव्हरची किंमत नव्या फॉरमॅटमुळेच पडलेली असते.

माझा हिशेब असा झाला: वापरलेला रीसिव्हर साडेदहा हजार, बुकशेल्फ (फळीवर मावणाऱ्या छोट्या) स्पीकरची जोडी सात, त्याच मालिकेतला सेंटर चार, आठ इंची सबवूफर साडेपाच, वायर आणि किरकोळ चौदाशे, सतरंजी-पडदे सोळाशे. सगळं जुनं, चार महिन्यांत एकेक करून जमवलेलं. सेंटर त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला हवा. नाहीतर माणूस पडद्यावर चालताना त्याचा आवाज मधेच बदलतो. हातात दहाच हजार असतील तर होम थिएटर हा शब्द सोडून द्या आणि एक साधा स्टिरिओ अँप्लिफायर व दोन चांगले बुकशेल्फ घ्या. मधोमध बसणाऱ्याला संवाद पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. साउंडबार? वायरींचा वैताग नको असणाऱ्यांनी जरूर घ्यावा, पण तो बिघडला की बहुधा अख्खाच जातो आणि सुधारायचा म्हणजे नवाच घ्यायचा.

जुनं घेताना गोव्यात काय तपासायचं

आपल्याकडे जुनी चांगली यंत्रं बरीच सापडतात. बोटीवर नोकरी केलेले, आखाताहून परतलेले लोक एकेकाळी मोठ्या हौसेने घेऊन आले, आता मुलांना त्यात रस नाही. पण पहिलं काम: यंत्र उलटं करून व्होल्टेज वाचा. अमेरिकेतल्या बंदरात घेतलेलं यंत्र १२० व्होल्टचं असतं. ते आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात घातलं की एका सेकंदात धूर. ट्रान्सफॉर्मर लावून चालतं, पण रीसिव्हरला पुरेल एवढा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग, मग स्वस्तातल्या सौद्याला अर्थ उरत नाही. दुबई-कुवेतकडचं यंत्र चालतं, तरी पट्टी वाचूनच.

दुसरं, वूफरची कड. जाळी काढा आणि कागदी कोनाभोवतीचा मऊ गोल बोटाने हलकेच दाबा. तो फोमचा असेल तर आपल्या दमट हवेत काही वर्षांत रव्यासारखा भुगा होतो. माझा सबवूफर घेताना मी हे केलं नाही. घरी आणून पहिल्याच बासला फरफर. कड बदलून मिळते, पण तो खर्च सौद्यातून आधीच वजा करायला हवा होता. रबराची कड जास्त टिकते. मग पेटीचा तळ बघा: दाबलेल्या भुश्श्याचं लाकूड ओलीने फुगलं असेल तर कडा पोळीसारख्या सुटलेल्या दिसतात. असा स्पीकर फुकट मिळाला तरी नको.

रीसिव्हर निदान अर्धा तास चालू ठेवून ऐका. आवाजाची कळ फिरवताना खरखर आली तर ती साफ होते, घाबरू नका. एक बाजू मधेच जाते, येते, असं असेल तर सोडा. प्रत्येक एचडीएमआय पोर्टात वायर घालून बघा, सगळ्यात आधी तीच मरतात. रिमोट आणि मोजणीचा मायक्रोफोन (त्यातून ऐकून रीसिव्हर स्पीकर जुळवतो) मागून घ्या. लोकांना तो मायक्रोफोन काय आहे हेच ठाऊक नसतं आणि तो अडगळीत पडलेला असतो.

वायर आणि जोडणी

स्पीकरची वायर म्हणून मीटरला शेकड्यांनी पैसे मोजू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड एमएमची तांब्याची दुहेरी वायर दहा मीटरपर्यंत उत्तम. त्याहून लांब असेल तर अडीच एमएम. फक्त ती खरी तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते. टोक ब्लेडने खरवडलं की आत पांढरं दिसतं.

लाल टोक लालला, काळं काळ्याला, आणि हे प्रत्येक स्पीकरला सारखं. एक जरी उलटं झालं तर बास पातळ होतो आणि संवाद मधून यायचे सोडून खोलीभर भटकतात. संशय असेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. रीसिव्हरपासून सोडवलेल्या वायरीच्या टोकांना तो क्षणभर टेकवा. धन टोक लालला लागलं तर कोन बाहेर उसळायला हवा. समुद्राजवळ राहणाऱ्यांची तांब्याची टोकं वर्षभरात हिरवट पडतात. दर चवथीला साफसफाई होतेच, तेव्हा टोक कापून नवं सोला.

सगळं जोडल्यावर सतत घूंऽ असा आवाज येत असेल तर आधी केबल टीव्हीची वायर काढून बघा. बहुतेक वेळा तिथेच थांबतो, आणि त्या वायरीला आयसोलेटर (विजेचा थेट संबंध तोडणारा छोटा जोड) लावला की काम झालं. तीन पिनांतली अर्थिंगची पिन कापण्याचा उपाय कोणी सुचवला तर त्याला नमस्कार करून घरी पाठवा.

सबवूफरची जागा

इथे मात्र वेळ घाला. आमच्या हॉलमध्ये लांबीमुळे सुमारे ४० आणि रुंदीमुळे सुमारे ५१ हर्ट्झचा सूर भिंतींमध्ये अडकून फुगतो. सूत्र सोपं आहे: आवाजाचा वेग, साधारण ३४५ मीटर दर सेकंदाला, भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट. त्या सुरांवर एका खुर्चीत छाती हलते आणि दोन फूट बाजूला काहीच नसतं. म्हणून सबवूफर कोपऱ्यात ढकलून मोकळं होता येत नाही.

करायचं असं. सबवूफर उचलून तुमच्या नेहमीच्या खुर्चीवर ठेवा. सारखा बास असलेलं काहीतरी लावा. आता गुडघ्यांवर बसून भिंतीकडेने रांगत जा आणि कान जमिनीजवळ ठेवून ऐका. जिथे बास स्वच्छ, एकसारखा वाटेल तिथे सबवूफरची जागा. मी रांगत असताना शेजारची काकी दारात आली आणि काही न बोलता परत गेली. आमची जागा टीव्हीच्या उजवीकडे, कोपऱ्यापासून तीन फुटांवर निघाली, जिथे ठेवायचं मला सात जन्मांत सुचलं नसतं.

बासची परीक्षा घ्यायला मी घुमट आरतीचं चांगलं ध्वनिमुद्रण वापरतो. २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालेलं हे मातीचं वाद्य आपल्यापैकी प्रत्येकाने जवळून ऐकलेलं आहे, त्यामुळे कानाला लगेच कळतं. थाप पडली, मडक्यात हवा घुमली आणि पुढच्या थापेआधी विरली, तर जागा बरोबर. थापा एकमेकींत मिसळून नुसता गडगडाट होत असेल तर सबवूफर भिंतीपासून वीतभर पुढे आणा किंवा आवाज कमी करा. शामेळाची, म्हणजे घुमटाच्या जोडीला काठ्यांनी वाजवतात त्या वाद्याची, काठी त्यातून स्पष्ट वेगळी कळली पाहिजे. सबवूफरच्या मागे ० आणि १८० अशी फेजची (त्याचा कोन बाकी स्पीकरांसोबत हलावा की उलट, हे ठरवणारी) कळ असते. दोन्हीकडे करून बघा, ज्या बाजूला बास भरीव वाटेल ती ठेवा.

मोजणी

मायक्रोफोन असेल तर रीसिव्हर हे काम स्वतः करतो. डेनॉनमध्ये त्या सोयीला ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपाओ. पंखा बंद, फ्रिज शक्य तर बंद, आणि मायक्रोफोन हातात न धरता कॅमेऱ्याच्या तिवईवर कानाच्या उंचीला. सोफ्याच्या उशीवर ठेवला तर मोजणी उशीची होते. नंतर मेनूत जाऊन तिन्ही स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झ आहे का बघा. स्पीकर अगदी छोटे असतील तर १००. सबवूफरचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दिसेल. तसंच राहू द्या, त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो.

मायक्रोफोन नसेल तर टेपने अंतरं भरा आणि रीसिव्हरचा चाचणीचा सूंऽ आवाज एकेका स्पीकरमधून लावून मोबाइलच्या डेसिबल अॅपवर ७५च्या आसपास सारखा करा. मोबाइलचा आकडा खरा नसेल, पण तीन स्पीकरांची तुलना बरोबर होते. सबवूफरसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका, मोबाइलला खालचे सूर नीट ऐकू येत नाहीत, तिथे कानच.

शेवटी सेंटर दोन डेसिबल वाढवा. जाणकार याला चूक म्हणतील. आमच्या घरात निर्णय आईचा होता.

पावसाळा आणि वीज

बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला जुलैत ओल येते, त्यामुळे स्पीकर आणि रीसिव्हर तिच्यापासून वीतभर लांब ठेवा. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांनी अर्धा तास तरी सगळं चालू करा, आतल्या उबेने दमटपणा निघून जातो. रीसिव्हरवर चार बोटं तरी मोकळी जागा हवी, आणि चालू असताना त्यावर विणलेला रुमाल नको. त्याच उबेला पाली येतात आणि बोर्डावर चिकटून स्वतःही जातात, यंत्रही नेतात. कपाटाच्या मागच्या भोकाला डासांची जाळी लावा, यंत्राच्या जाळीला नव्हे.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी गडगडाट सुरू झाला तेव्हा मी शहाण्यासारखा धावत जाऊन रीसिव्हर आणि टीव्ही दोन्हींचे प्लग काढले. केबलची वायर टीव्हीला तशीच राहिली. वीज कुठेतरी मागच्या डोंगरावर पडली, आणि सकाळी टीव्हीचा एआरसी पोर्ट गेलेला. तेव्हा एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात ढग दिसले की विजेचा प्लग, केबलची वायर आणि राउटरकडून टीव्हीला येणारी लॅनची वायर, तिन्ही काढा. घरात येणारी फायबर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही, पण राउटरपासून पुढची वायर तांब्याची आहे. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही.

माझा संच आता त्या टीव्हीला ऑप्टिकल वायरीने जोडलेला आहे. आवाजात आईला काही फरक जाणवलेला नाही. रिमोट ती हल्ली पाटावर ठेवते, आणि सिनेमात मारामारी आली तरच आतून हाक येते, "आवाज ल्हान कर रे!"